उदा. शर्वाणी

“पाय हलवणं थांबव ना, टेबल हलतंय,” शर्वाणी म्हणाली. वकिलांच्या ऑफिसात आम्ही नवराबायको एकाच कॉम्प्युटरसमोर घटस्फोटाचा अर्ज भरायला बसलो होतो. वकीलसाहेबांना कोर्टात पळायचं होतं. ते दारातूनच “आटपा, आटपा” करत होते.

मी त्यांच्या वेबसाइटवरचा फॉर्म उघडला आणि हात माउसवरच थांबला. पतीचं नाव, पत्नीचं नाव, साक्षीदाराचं नाव. प्रत्येक रिकाम्या चौकटीत फिकट अक्षरांत एकच उदाहरण होतं : उदा. शर्वाणी.

“ही तुझीच रेसिपी आहे,” ती म्हणाली.

होतीच. लग्न नवं असताना वेबसाइट बनवायला शिकणाऱ्यांसाठी मी ब्लॉगवर तयार कोडच्या रेसिपी लिहायचो. फॉर्मच्या रेसिपीत शेजारी बसलेलीचंच नाव टाकलं होतं. कुणा बहाद्दराने ती जशीच्या तशी उचलली होती. “खाली ठळक लिहिलं होतं, उदाहरण बदलून घ्या म्हणून,” मी चिडून म्हणालो. “पण वाचतंय कोण!”

“टाइप कर. जाईल ते आपोआप.”

मी पत्नीच्या नावाच्या चौकटीत ‘श’ टाइप केला. फिकट नाव लगेच गेलं. पांढऱ्या चौकटीत एकटा काळा ‘श’ उरला.

“झालं का?” दारातून आवाज आला.

शर्वाणीने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि तो ‘श’ खोडला. चौकटीत तिचं नाव परत आलं.

“थांबा हो जरा!” ती दाराकडे ओरडली.

टेबल अजून हलत होतं. माझा पाय तर केव्हाच थांबला होता.