लेकीसाठी काउन्सेलर

"हेही नकोत," जिना उतरता उतरता लेक म्हणाली आणि आईने कपाळाला हात लावला.

दुकानात चपला बाजूला साराव्यात तशी ही पोरगी काउन्सेलर बाजूला सारत सुटली होती. पहिले गृहस्थ चांगले शिकलेले, पण सगळा वेळ कॉम्प्युटरकडे बघून टाइप करत बसले. आत्ताच्यांनी तर पुरतं ऐकून घेण्याआधीच उपाय सांगायला सुरुवात केली: रोज फिरायला जा, एखादा छंद लावून घ्या. आईला ते पटलंही होतं. तिचा धंदा पडदे शिवण्याचा, त्यामुळे माणसाआधी खिडकीकडे लक्ष जायचं, आणि यांचे पडदे झकास होते.

"तुला त्यांच्यासमोर मोकळं बोलता आलं का?" लेकीने विचारलं.

"मला कशाला? बोलायचं तुला होतं. तू तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होतीस."

चिडत होती, पण आतून ती धास्तावली होती. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. महिन्याभरापूर्वी लेक म्हणाली, या घरात माझी झोप होत नाही, कोणाला तरी दाखवूया. आई सोबत हवीच, आतसुद्धा. नवरा गेला, आता ही पोरही हातची जाते की काय, या विचाराने आईचा जीव टांगणीला लागला. दुकान अर्धा अर्धा दिवस बंद ठेवून ती काउन्सेलरांचे उंबरे झिजवायला लागली.

तिसरी एक पोक्त बाई होती. खोली लहान, खिडकीला पडदाच नाही. आईने मनातल्या मनात नाक मुरडलं. बाईने पेनसुद्धा उचललं नाही. काय झालंय, एवढंच विचारलं आणि थांबली. लेक नेहमीप्रमाणे गप्प, म्हणून नेहमीप्रमाणे आईच पुढे झाली. मुलीचे वडील अचानक गेले, कामाच्या जागी हार्ट अटॅक आला, तेव्हापासून पोरीने मनाला लावून घेतलंय. दोन ठिकाणी सांगून तिला हे पाठच झालं होतं. पण तिचं सांगून संपलं तरी ही बाई काही बोलेना. नुसती तिच्याकडे बघत राहिली, घाई नसलेल्या माणसासारखी. आणि आईच्या तोंडून पुढचं निघून गेलं.

"त्या दुपारी त्यांचे दोन फोन आले होते. सकाळी गळक्या नळावरून आमचं वाजलं होतं. मी मुद्दाम उचलले नाहीत."

हे तिने आजवर कोणाजवळ काढलं नव्हतं. मग तिला भानच राहिलं नाही. रडली, थांबली, पुन्हा बोलली. बाईने समजूत घातली नाही की तोडगा सुचवला नाही. सगळं ओतून झाल्यावर आई एकदम ओशाळली. लेकीची वेळ आपणच खाल्ली. तिची ही जुनी खोड होती. घरात कोणाचाही घसा दाखवायला गेली की जाता जाता स्वतःचा गुडघाही दाखवून यायची. स्वतःसाठी म्हणून दवाखान्याची पायरी ती कधी चढली नव्हती.

डोळे पुसत ती लेकीकडे वळली. माझं राहू दे, म्हणाली, पण बाई चांगल्या आहेत गं, तुला पसंत आहेत ना?

लेकीचेही डोळे भरले होते. त्या दोन फोनांचं तीही आज पहिल्यांदाच ऐकत होती. ती उठली, बाहेर जाऊन बसते म्हणाली. आईही उठायला लागली, तसं तिने खांद्यावर हात ठेवून तिला परत खुर्चीत बसवलं.

"पसंत तुला पडायला हव्या होत्या. मला पडल्या पडल्या झोप लागते, आई. रात्रभर तू घरात येरझाऱ्या घालतेस, त्याने मोडते."