कपाटामागची कुबडी

परतूरच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बेबीनंदाबाई पेशंट यायच्या आधीच कुबडी कपाटामागं ढकलून खुर्चीत बसत आणि शेवटचा माणूस गेल्याशिवाय उठत नसत. समोर कमरबी चेहऱ्यावरचं कोड दिसू नये म्हणून डोळ्यांवर पदर ओढून बसलेली. “अगं, आहेस तशी स्वतःला स्वीकार, लपतेस कशाला?” पुन्हापुन्हा सांगून बाई वैतागल्या. “बोलायला तुमचं काय जातंय! लोकं माझ्याकडं बघतेत, तुमच्याकडं न्हाई!” कमरबी तरातरा निघून गेली. पिशवी परतीच्या तिकिटासकट खुर्चीवरच राहिली. स्टेशनात कोळशाच्या इंजिनाची शिट्टी झाली. शिपाई जेवायला गेलेला. हाका मारल्या, ती वळेना. बाईंनी चरफडत कुबडी ओढून काढली. भर बाजारातून त्या तिच्यामागं निघाल्या. दुकानदारांचे तराजू थांबले. “धर पिशवी! अन् बघून घे एकदाचं बराबर!” कमरबी वळली. नीट दिसावं म्हणून तिनं पदर मागं सारला.