केस परत येतात का

"टोप असं लिहून शोधलं की काय येतं, बघ." भाचीने लॅपटॉप मावशीकडे वळवला. पडद्यावर स्वयंपाकघरातली भांडी आली होती, झाकणांसकट.

मावशी हसली, पण हात थांबला नाही. समोर लाकडी डोकं, त्यावर बारीक जाळी, आणि जाळीच्या भोकाभोकातून आकड्याने ओढून गाठवलेला एकेक केस. उभा जन्म तिने हेच केलं होतं. "केसांचे टोप मिळतील" ही दाराबाहेरची पाटीही तिचीच. पूर्वी माणसं विचारत यायची. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी गल्लीत दोन चकरा मारायची आणि मग आत शिरायची. आता कुणी कुणाला विचारत नव्हतं. जो तो फोनवर शोधायचा. गिऱ्हाईक असंच आटत गेलं तर वर्षअखेर दुकान सोडून बहिणीकडे राहायला जायचं, हे ठरल्यातच जमा होतं. भाची तिच्याच बहिणीची लेक. लोक इंटरनेटवर कुठल्या शब्दांनी शोधतात ते हुडकायचं आणि तेच शब्द दुकानदारांच्या पानांवर घालायचे, हा तिचा धंदा.

"बरं, मग विग म्हण," मावशी म्हणाली.

"विग म्हटलं की मोठमोठ्या कंपन्या. त्या झगमगाटात तुझी पणती कोणाला दिसणार?" भाची पडदा खाली खाली सरकवत राहिली. मग एकदम थांबली. "हे बघ! हे तर ढिगाने लोक विचारतात. आणि धड कुणी लिहिलेलंच नाही यावर."

मावशीने चष्मा सारखा केला. केस परत येतात का. त्याखाली तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारलेला. कॅन्सरच्या औषधांनी गेलेले केस परत येतात का. आईचे केस कधी येतील. केस परत आले नाहीत तर.

आकडा जाळीतच राहिला.

"हाच मथळा करू," भाची म्हणाली. "प्रश्न बघून माणूस आत येईल, आणि खाली तुझ्या विगचे फोटो."

"आणि उत्तर?"

"उत्तर कशाला द्यायचं? सगळे असंच करतात."

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारेही पुष्कळ असतात गं."

भाचीचा चेहरा उतरला. "मग बस पाटी पुसत. आईने खोली आवरून ठेवलीच आहे तुझ्यासाठी."

मावशीने अर्धी राहिलेली गाठ पक्की केली.

"मी सांगते तसं लिही," ती म्हणाली. "औषध थांबलं की बहुतेकांचे येतात. आधी जावळासारखे मऊ येतात. कधी सरळ होते ते कुरळे येतात, कधी रंग बदलतो. काहींचे विरळ राहतात, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. रोज आरशात शोधू नये."

"आणि विग?"

"तळाला पत्ता आणि फोन घाल."

"अगं, एवढं वाचून माणूस निघूनच जाईल! दुकान आहे की धर्मशाळा?"

"जाऊ दे. निदान रडत जाणार नाही."

भाचीने कुरकुरत लिहिलं. बरेच दिवस सामसूम होती. मग ते पान वर वर चढत गेलं आणि फोन वाजू लागला. विगचं नाव मात्र कुणी काढेना. सगळ्यांचा प्रश्न एकच. मावशी आकडा बाजूला ठेवायची, फोन उचलायची आणि म्हणायची, "येतात हो. धीर धरा." भाची समोर असली की कपाळावर हात मारून घ्यायची.

वर्ष सरत आलं. दोघी सामान बांधायला खोकी आणावीत का, यावर बोलत असताना दारात एक बाई उभी राहिली. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल.

"आमचे हे बोलले होते तुमच्याशी फोनवर," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, येतात."

"येतात."

"मग तोवरचं काहीतरी द्याल?"

भाचीने उठून दार लोटून घेतलं. मावशीने खुर्ची पुढे केली. बाईने रुमाल सोडला, आणि मावशीने टेप तिच्या कपाळावरून, कानांमागून अलगद फिरवली.

"जरा सैल ठेवते," ती म्हणाली. "आत केसांना यायला जागा हवी."