रजिस्टरात नसलेलं बाळ

“बंद करून टाक गं बाई,” संगणकाच्या पडद्यावरून रेडमंड म्हणाला. “नोंद सापडली नाही, असं लिही आणि मोकळी हो.”

कार्मेलने चष्मा काढून डोळे चोळले. तीन दिवस ती किलमोरनच्या चर्चचं जुनं दफन-रजिस्टर संगणकावर पानापानाने सरकवत होती. पाद्रीबाबांचं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालून गेलेली. मान आखडली होती. चहा दुसऱ्यांदा गार झाला होता आणि तिसऱ्यांदा उठून करायचा तिच्यात जीव नव्हता.

रेडमंड आयर्लंडच्याच दक्षिणेला कॉर्कमध्ये, हेझेल पार ऑस्ट्रेलियात, आणि कार्मेल इथे मेयोत, स्वतःच्या स्वयंपाकघरात. एकमेकांना त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नव्हतं. पण अकरा वर्षं हे तिघं मिळून जगभर पांगलेल्या आयरिश लोकांचे हरवलेले आजे-पणजे शोधून देत होते. फुकट. नियम एकच, कागद दाखवा, मग बोला. ‘आमची आत्या सांगायची’ असल्या गोष्टींना रेडमंड उभंच करायचा नाही. तान्ह्या बाळांच्या चौकशा मात्र सगळ्या कार्मेलकडे जायच्या. ती त्या मागून घ्यायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

“त्या खोक्यातल्या मंडळींना जेवायला ठेवून घेतलंयस का?” मोरीपाशी बटाटे सोलत उभ्या असलेल्या नवऱ्याने, बार्टलीने, वळूनही न बघता विचारलं. “म्हणजे तेवढे जास्त सोलतो.”

“गप रे म्हाताऱ्या. काम चाललंय.”

“काम! पगार नाही, सुट्टी नाही. गाढवाला तरी गाजर मिळतं.”

हेझेल तिकडे खुदकन हसली. पडद्यावरच्या चौथ्या चौकटीतली बाई हसली नाही. ती टोरोंटोची जोसी लावेल. ऐंशीची, पण जन्म इथलाच. कार्मेल लग्न होऊन किलमोरनला आली त्याच्या आधीच ती कॅनडाला गेलेली.

“गुरुवारी माझं विमान उतरतंय,” जोसी म्हणाली. “आईची रक्षा घेऊन येतेय. मला बाळाजवळ ठेवा, एवढंच तिचं शेवटचं मागणं होतं. आणि बाळ कुठे आहे ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.”

बाळ अठ्ठेचाळीस सालचं. दोन तास जगलं. पाद्रीबाबा पोचायच्या आत गेलं, म्हणजे बाप्तिस्मा नाही. बाप्तिस्मा नाही म्हणजे चर्चच्या पवित्र मातीत जागा नाही. जोसीचे वडील, मार्टिन लावेल, संध्याकाळी काखेत एक लाकडी खोकं घेऊन घरातून निघाले. उजाडायच्या आत परत आले. हात धुतले, गाईंकडे गेले. आई अंथरुणातच होती. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा सगळ्या घरांत असंच चालायचं.

म्हणजे रजिस्टरात ते बाळ असणारच नव्हतं. कार्मेलला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी ती तीन दिवस पानं चाळत बसली. पानं चाळणं सोपं होतं.

“किलमोरन चर्चच्या हद्दीत असली बाळं गुपचूप पुरायच्या जुन्या जागा तीन आहेत,” हेझेल म्हणाली. “तिन्ही नकाशावर नाहीत. आणि असत्या तरी कुठला दगड कुणाचा, हे कोण सांगणार?”

“तेच म्हणतोय मी,” रेडमंड म्हणाला. “कागद नाही. वाईट वाटतं, पण नाही.”

“कागदात नसेल हो,” जोसी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, कार्मेलच्या मानेइतकाच थकलेला. “माणसांत असेल की. तुमच्या गावात कुणी जुनं माणूस उरलं नाही का? ज्याला एकदा नुसतं विचारता येईल असं?”

कार्मेलने मान वर केली. समोर बार्टलीची पाठ होती. लोकरी स्वेटर, कोपरावर तिनेच लावलेलं ठिगळ. या पाठीला तिने रोज उठून काय काय विचारलं होतं. वासराला ताप आहे का, चुलीला टर्फ आणलंस का, पावाचा शेवटचा तुकडा कुणी खाल्ला. एवढं एक सोडून. आताही दुसऱ्याच्या बाळाचं नाव घेऊन विचारायचं होतं, तरी तिला टेबलाची कड धरावी लागली.

“बार्टली,” ती म्हणाली. “मार्टिन लावेलचं बाळ कुठे आहे?”

सुरी थांबली. त्याने नळ बंद केला. फडक्याला हात पुसले, बोटं एकेक करून. वळला मात्र नाही.

“मॅकहेलच्या रानात जुना गोल बांध आहे ना, तिथे. उगवतीच्या अंगाला. काटेरी झाडापासून तिसरा दगड, पांढरा.”

रेडमंडने सवयीने ‘कागद’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“तुला कसं माहीत?” कार्मेलने विचारलं.

“एकट्याने जायचं नसतं तिथे. ज्याने आधी एकदा आपलं बाळ नेलंय, तो नवख्याच्या सोबतीला जातो.” तो हळूहळू तिच्याकडे वळला. “चौसष्ट साली, आपल्या वेळेला, माझ्याबरोबर मार्टिन आला होता. माझे हात चालेनात, मग त्यानेच खणलं. म्हणाला, माझा पोरगा इथे सोळा वर्षं एकटाच आहे बार्टली, तुझ्या लेकीला त्याच्या शेजारी ठेव.”