आधी बाय

"हा फोन केंद्रीय तुरुंगातून येत आहे. घ्यायचा असेल तर पाच दाबा," व्हर्डेल मावशी नाकातून, मशीनसारखं बोलली आणि राजम्याच्या पातेल्यात डाव फिरवत राहिली. ती स्वतः आत राहून आलेली. तो आवाज तिला तोंडपाठ होता.

टेबलाखाली बसलेल्या सहा वर्षांच्या ओपलने बंद पडलेल्या मोबाइलवर पाच दाबलं. "हॅलो, ममा!"

"बोल गं राणी," फ्रिजला टेकून उभी असलेली शार्लीन म्हणाली. फोन म्हणून तिने कानाला केळं लावलं होतं.

दारामागे तिचा निळा सूट इस्त्री करून टांगला होता. उद्या न्यायाधीश शिक्षा सुनावणार. दवाखान्याची खोटी बिलं तिनेच केली होती आणि तसं तिने कोर्टात कबूलही केलं होतं. किती वर्षं, एवढंच ऐकायचं राहिलं होतं. ते तिच्या हातात नव्हतं. लेकीला फोनची सवय लावणं होतं.

"ममा, माझा दात हलतोय! वर्गातला डेक्स्टर म्हणतो दोरा बांधून ओढ, पण मी म्हटलं, आधी माझ्या ममाला..."

ठण्! मावशीने डाव पातेल्यावर आपटला. "वेळ संपली. फोन कट."

"पण माझं झालंच नव्हतं!" ओपल टेबलाखालून बाहेर आली. "मी लव्ह यू पण नाही म्हटलं!"

"मशीनला काय त्याचं? ते मध्येच तोडतं," मावशी म्हणाली. मग पातेल्याकडे बघत, "माझा मुलगा तिकडे नुसता हॅलो हॅलो करत बसायचा."

शार्लीन लेकीसमोर उकिडवी बसली. तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर सगळी तयारी तिथेच विरघळली असती. "मग आपण मशीनला फसवू या. लव्ह यू आणि बाय आधीच म्हणून टाकायचं. नंतर खुशाल तोडू दे."

"आधी बाय? हे तर उलटंच!"

"उलटंच. फक्त आपल्या दोघींचं."

मावशीने पुन्हा नाकातून मशीनचा आवाज काढला. ओपलने पाच दाबलं. "लव्ह यू, ममा, बाय!" आणि मग दात, दोरा, डेक्स्टर, सगळं पहिल्यापासून. गोष्ट दोऱ्याच्या गाठीपर्यंत येतेय न येतेय तोच, ठण्!

ओपलने खांदे उडवले आणि मोबाइल खिशात टाकला. "चालतंय. दाताचं पुढच्या फोनला सांगेन."

शार्लीनने केळं सोललं, अर्धं तिला दिलं. "बघितलंस मावशी? माझी पोरगी तयार आहे."

"आणि तू गं?"

"मी? सूट बघ की, कसला कडक झालाय."

तेवढ्यात ओट्यावरचा खरा फोन वाजला. उद्याची वेळ पक्की करायला वकील हॅस्किन्स फोन करणार होते. शार्लीनचा हात पोचायच्या आत ओपलने झडप घातली, सवयीने पाच दाबलं आणि स्पीकर चालू केला.

"लव्ह यू, बाय!" ती ठणकावून म्हणाली. "हं, आता बोला. कोण तुम्ही?"

"बरं, मग मीही आधी बाय म्हणतो," पलीकडून वकीलसाहेब म्हणाले. "आता ममाला फोन दे."