एक्केचाळिसावं गाणं

गाणी ऐकणारी माणसं म्हणजे बिनकामाची जमात, असं मोबाइल दुरुस्तीवाल्याचं ठाम मत होतं. त्याने स्वतः जन्मात कधी शीळ घातली नव्हती.

"सगळी गाणी गेली हो," काउंटरवर फोन ठेवत शेजारची शिंपीण म्हणाली.

"गाणी कुठे जात नसतात, मावशी. तुम्हीच नको तिथे बोटं घालता."

गाण्यांच्या फोल्डरमध्ये एक कोरी फाइल पडली होती. ती असली की फोन आतलं काही दाखवत नाही. त्याने ती उडवली आणि फोन बंद करून चालू केला.

"घ्या. चाळीस."

"एक्केचाळीस होती. आई गेली त्या दुपारी ती काहीतरी गुणगुणत होती, ते मी रेकॉर्ड केलेलं. दुसरीकडे कुठेच नाही ते."

"त्याला काय गाणं म्हणतात?" तरी त्याने मेमरी कार्डसुद्धा धुंडाळलं. "नाहीये. सोडून द्या आता."

शिंपीण त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मग मघापासून तुम्ही मधूनमधून तेच गुणगुणताय, ते कुठून आलं?"

तो छद्मी हसला. मग त्यालाही ऐकू आलं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले, श्वासही रोखून धरला.

गुणगुणणं थांबलं नाही.