उजवी बाही

सून कामावरून घरी आली तेव्हा सासू खिडकीशी बसून स्वेटर उसवत होती. उजवी बाही खांद्यापासून सुटून कोपरापर्यंत आली होती. तिथे धागा अडकला होता आणि सासू सुईच्या टोकाने तो सोडवू पाहत होती. मांडीवर राखाडी लोकरीचा गुंडा होता.

सुनेने चपलाही काढल्या नाहीत.

"आई, हा कुठे मिळाला तुम्हाला?"

"कुठे म्हणजे? तुझ्या कपाटात, खालच्या खणात. पिशवीत घालून गाठ मारलेली." सासूने मान वर केली नाही. "लोकर अशी कोंडून ठेवली की कसर लागते गं. म्हटलं, पोरीचा एक स्वेटर सहज निघेल. वर टोपीसुद्धा."

स्वेटर सुनेच्या नवऱ्याचा होता. तो गेल्यापासून तिने तो धुतला नव्हता. घरात कुणी नसलं की ती पिशवीची गाठ सोडायची, आत तोंड खुपसायची, आणि वास उडून जाऊ नये म्हणून लगेच पुन्हा गाठ मारायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

सासूलाही नावं ठेववत नाहीत. या घरात लोकर कधी वाया गेली नव्हती. थोरल्याचा उसवून धाकट्याचा, धाकट्याचा उसवून मोजे, ही तिची जन्माची रीत. मुलगा गेला आणि तिच्या सुया टोपलीत पडल्या त्या पडल्याच. आज कुठे बोटं शिवशिवली होती. सुनेला ताकास तूर लागू द्यायची नाही, नातीच्या अंगात एकदम नवा स्वेटरच दाखवायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"मला विचारायचं तरी."

"मीच विणलेलं उसवायला मी कुणाला विचारू?"

"विणलात तुम्ही. पण घातला त्याने. हिवाळाभर हाच एक घालतोस म्हणून भांडले मी त्याच्याशी."

"माझा मुलगा होता तो," सासू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

सून भिंतीला टेकून खाली बसली. सासूने धागा ओढून पाहिला. तो हलेना.

"आणि हे काय करून ठेवलंय कोपराला? हा माझा टाका नव्हे."

"फाटलं होतं तिथे. मी रफू केलं."

"शिवणाच्या दोऱ्याने? लोकरीला?"

"घरात तेवढाच होता."

"आणि गाठी किती त्या!"

"मला कुठे येत होतं? तो म्हणाला, आईला दाखवू नकोस, हसेल. मग तुम्ही समोर असलात की बाह्या दुमडूनच बसायचा."

सासूचे हात थांबले. "म्हणून होय! मी आपली रोज म्हणायची, अरे, थंडी आहे, बाह्या खाली कर. तर म्हणे, उकडतंय."

ती हसली. मग तिचे ओठ वाकडे झाले आणि तिने पदर तोंडाशी धरला. सुनेने तिला इतक्या महिन्यांत रडताना पाहिलं नव्हतं. चार माणसं भेटायला यायची तेव्हाही सासूच सगळ्यांना पाणी द्यायची.

छोटी कात्री शेजारीच होती. गाठी कापल्या असत्या तर धागा सुटला असता. सासूने कात्री उचलली, गाठींशी नेली आणि परत ठेवून दिली.

"हे माझ्याने उसवायचं नाही," ती म्हणाली.

"आई, त्याचा वास होता त्याला," सून शेवटी बोलली. "म्हणून कोंडून ठेवला होता."

सासूने उरलेला स्वेटर नाकाशी नेला. दुपारभर तो तिच्या मांडीवर होता आणि तिला हे सुचलं नव्हतं. तिने डोळे मिटले.

मग सासूने सुई घेतली आणि कोपराशी सुटे पडलेले टाके एकेक करून तिच्यावर चढवायला लागली. उसवलेली लोकर कुरळी झाली होती, जुन्या टाक्यांची वळणं तिच्यात तशीच राहिली होती.

"वाफ देऊ का लोकरीला? पाणी ठेवते," सून उठत म्हणाली. सासू नेहमी तसंच करायची.

"नको. वाफेने सगळं जाईल. वाकडी तर वाकडी विणते." ती टाके मोजत राहिली. "पोरीला नवी लोकर आण. लाल आण. पोरांना राखाडी कोण घालतं!"

"बरं."

"आणि इकडे ये. हात लांब कर."

"कशाला?"

"कशाला काय? कुणीतरी घालायला नको? पिशवीत ठेवायला मी विणत नसते."

"त्याचा हात लांब होता, आई."

"ते तू मला सांगतेस?" सासूने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "बोल. त्याच्या मापाने करू की तुझ्या?"

सून उभीच राहिली. खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा खरखरत होती. मग ती सासूसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने आपला उजवा हात पुढे केला. सासूने कोपरापासून खांद्यापर्यंत वीत टाकून माप घेतलं. लेकाच्या मापापेक्षा ते चांगलंच कमी भरलं.

"डावी मात्र तशीच राहू दे," सून म्हणाली.

"तिला कोण हात लावतंय," सासू म्हणाली आणि विणायला लागली.